लिंकनचं दुकान का बुडालं आणि तरी तो आमदार कसा झाला?

प्रश्न असा आहे की अब्राहम लिंकन वकील व्हायच्या आधी इलिनॉयच्या एका खेड्यात दुकानदार होता, ते दुकान बुडालं, अंगावर कर्ज झालं आणि त्याच काळात तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, हे जमलं कसं? आणि "गल्ल्यावर बसून पुस्तकं वाचायचा म्हणून धंदा बुडाला" हे खरं का?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, छोट्या दुकानदारांची खाती तपासण्यात आयुष्य गेलंय, आणि त्या नादात जुन्या काळच्या दुकानांचे हिशोब वाचायचा छंद लागला. त्यामुळे उत्तर खतावणीच्या बाजूने देतो. पुस्तकं वाचून दुकान बुडत नाही हो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानदार काहीतरी करणारच. ते बुडालं कारण माल उधारीवर, दुकान उधारीवर, त्यात भागीदाराची सही, आणि हे सगळं अशा गावात जिथे गिऱ्हाईक वाढणार अशी नुसती आशा होती. निवडून तो आला ते मात्र दुकानामुळेच, दुकान बुडालं तरीही.

आधी गाव बघू. न्यू सेलम. १८२९ मध्ये जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन या दोघांनी सँगामन नदीला बंधारा घालून गिरणी टाकली आणि वरच्या टेकाडावर गाव आखलं. आजूबाजूचे शेतकरी मका, गहू दळायला यायचे, दळण होईपर्यंत दोन-तीन तास काढायचे म्हणजे दुकान पाहिजे, लोहार पाहिजे, बसायला जागा पाहिजे, असं करत गाव झालं. अगदी भरभराटीच्या काळातही पंचवीसेक कुटुंबं, त्याच्यावर नाही. एप्रिल १८३१ मध्ये बावीस वर्षांचा लिंकन डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याचा माल फ्लॅटबोटीतून (सपाट बुडाच्या होडीतून) न्यू ऑर्लिन्सला घेऊन निघाला होता आणि ती बोट ह्याच बंधाऱ्यावर अडकली, पुढचं टोक हवेत, मागून पाणी शिरतंय, गावातले लोक काठावर गंमत बघतायत. त्याने थोडा माल उतरवला, पुढच्या टोकाला भोक पाडून पाणी काढून दिलं आणि बोट पलीकडे सरकवली. ऑफट बोलघेवडा माणूस, त्याला पोरगा आवडला आणि गावही आवडलं, त्याने तिथेच दुकान टाकायचं ठरवलं आणि लिंकनला नोकर म्हणून ठेवलं. पगार महिना १५ डॉलर आणि रात्री दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायची सोय. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बोट बंधाऱ्यावर अडकते म्हणजे नदीत पाणी किती असेल ते आलंच की, पण सगळ्यांना वाटत होतं सँगामन नदीतून आगबोटी चालणार, माल सरळ दारात उतरणार, मग जमिनीचे भाव बघा कसे जातात. १८३२ च्या वसंतात टॅलिझमन नावाची आगबोट खरंच आली, स्प्रिंगफिल्डच्या जवळपर्यंत पोचली, जल्लोष झाला, आणि आठवड्याभरात पाणी उतरायला लागलं. परत जाताना न्यू सेलमचा बंधारा थोडा फोडून तिला पलीकडे काढावी लागली. ती बोट परत खाली नेताना वाट दाखवायचे लिंकन आणि रोवन हर्नडनला प्रत्येकी ४० डॉलर मिळाले. नंतर तिथे आगबोट काही फिरकली नाही. म्हणजे गावाचं भविष्य काय ते एका महिन्यात कळून चुकलं होतं. ऑफटचं दुकान त्याच वसंतात बसलं आणि तो गाव सोडून गेला. आणि एवढं डोळ्यासमोर होऊनही लिंकनने त्याच वर्षी त्याच गावात स्वतःचं दुकान घेतलं! इथे मला त्याचं कौतुक वगैरे काही वाटत नाही, ही सरळ चूक होती.

घेतलं कसं ते बघा. हर्नडन बंधूंचं दुकान होतं. एका भावाने आपला हिस्सा विल्यम बेरीला विकला, दुसऱ्याने म्हणजे रोवनने लिंकनला. लिंकनकडे रोख काहीच नव्हतं, लष्करी मोहिमेवरून नुकताच परतलेला. रोवनने त्याच्याकडून प्रॉमिसरी नोट घेतली, म्हणजे 'ठरल्या तारखेला पैसे देईन' असं लेखी वचन (पुढे 'नोट' म्हणेन ती हीच), झालं, 'बेरी आणि लिंकन' सुरू.

मग जानेवारी १८३३. गावात रूबेन रॅडफर्डचं अजून एक दुकान होतं. शेजारच्या क्लेरीज ग्रोव्हची दांडगट पोरं एका रात्री तिथे दारू पिऊन आली आणि दुकानाची पार नासधूस करून गेली. रॅडफर्ड वैतागला, सकाळी गावातल्या विल्यम ग्रीनला सगळं दुकान ४०० डॉलरच्या बोलीवर देऊन मोकळा झाला, तेही नोटेवर. ग्रीनने लिंकनला सांगितलं, बाबा जरा आत काय काय आहे ते मोजून दे. लिंकन मोजायला गेला आणि मोजता मोजता खरेदीदार झाला, बेरी आणि त्याने तेच दुकान ग्रीनकडून ७५० डॉलरला उचललं, त्यातही बरंचसं कागदावरच. ग्रीनने घरबसल्या ३५० कमावले. आता तो पगार आठवा, महिना १५. म्हणजे ७५० डॉलर हा पन्नास महिन्यांचा पगार झाला, आणि तो ज्या मालावर लावला त्यातला किती धड होता देव जाणे. माझ्याकडे कोणी असा व्यवहार घेऊन आला असता तर मी पहिलं विचारलं असतं, हप्ता कशातून देणार? कारण गावात तोवर दोन दुकानं बसली होती, ती गिऱ्हाईक जास्त होतं म्हणून बसली नव्हती ना.

आता धंदा चालायचा कसा, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. दुकानात चहा, कॉफी, साखर, मीठ, चिटाचं आणि जाडंभरडं कापड, भांडी, खिळे, टोप्या, जोडे, व्हिस्की असं सगळं एकाच छताखाली. माल सेंट लुईससारख्या ठिकाणच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून नदीने यायचा, इलिनॉय नदीवर बियर्ड्सटाउनला उतरायचा, पुढे बैलगाडीने. गिऱ्हाईकाकडे रोकड क्वचितच. तो आणणार लोणी, अंडी, मध, मेण, कातडी, हातमागाचं कापड. दुकानदार ते जमा करून खात्याला मांडणार आणि उरलेलं "पीक आल्यावर". म्हणजे दुकानदाराचं येणं मका-डुकराच्या हंगामावर आणि देणं मात्र तारखेवर, नोटेवर व्याजासकट. ह्या दोन तारखांच्या मधला खड्डा ज्याच्याकडे भांडवल असेल तोच भरू शकतो. बेरी-लिंकनकडे भांडवल शून्य.

रोकड असलीच तर ती पण गमतीची. अमेरिकन नाणी कमी, स्पॅनिश चांदीची नाणी जास्त, डॉलरचे आठ आणि सोळा भाग असलेली, त्यामुळे भाव सगळे साडेबारा सेंट, पावणेएकोणीस सेंट असे. आपल्याकडे जुन्या माणसांना हे लगेच कळेल, कारण हा सरळ आण्यांचा हिशोब आहे, सव्वासहा म्हणजे एक आणा, साडेबारा म्हणजे दोन, पावणेएकोणीस म्हणजे तीन. लिंकनने एका बाईकडून चुकून सव्वासहा सेंट जास्त घेतले आणि संध्याकाळी दुकान बंद करून दोन-तीन मैल चालत परत करून आला, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती नक्की तशीच घडली का कोण जाणे, पण सव्वासहा हा आकडा विचित्र नाहीये, ते त्या काळचं रोजचं नाणं होतं.

दारूचं काय, हे पण लोक विचारतात. हो, दुकानात दारू होती, तेव्हा जवळजवळ प्रत्येक दुकानात असायची. एक क्वार्टपासून (सुमारे एक लिटर) पुढे घरी न्यायला विकायची तर परवाना लागत नव्हता, पेल्याने तिथेच प्यायला द्यायची तर परवाना. ६ मार्च १८३३ ला बेरीने कौंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडून, 'बेरी आणि लिंकन' नावाने खानावळीचा परवाना काढला, एका वर्षाचा, फी ७ डॉलर, वर ३०० डॉलरचा जामीनखत. दर पण ठरवून मिळालेले: फ्रेंच ब्रँडी अर्धा पाइंट (पाव क्वार्ट) २५ सेंट, रम पावणेएकोणीस, व्हिस्की साडेबारा, एक वेळचं जेवण २५, रात्रीचा मुक्काम साडेबारा, घोड्याचा मुक्काम २५. (म्हणजे माणसापेक्षा घोडा दुप्पट महाग, दाणा-वैरण आलं ना त्यात.) जामीनखतावर लिंकनचं नाव आहे पण ते अक्षर त्याचं नाही. भागीदारीत हे असं चालतं, एकाने सही केली की दोघं बांधले. पंचवीस वर्षांनी, १८५८ च्या ऑटवाच्या वादसभेत त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लसने त्याला ह्या दारूविक्रीवरून टोमणा मारलाच, आणि लिंकनने साफ सांगितलं की दारूचं दुकान मी कधी चालवलं नाही, फार तर एका हिवाळ्यात दारूच्या भट्टीवर काम केलं असेल. तांत्रिकदृष्ट्या खरं असेल, पण परवान्यावरचं नाव काही पुसलं जात नाही.

बेरी पीत होता आणि लिंकन वाचत होता, दोघांनी मिळून दुकान बुडवलं, असं नंतर लिहिणाऱ्यांनी पसरवलं. वाचायला गोड आहे. पण त्याच गावात सॅम्युअल हिलचं दुकान व्यवस्थित चाललं, त्याचं काय वेगळं होतं ते बघा. तो गाव वसलं तेव्हाच आलेला, जवळ पैसा जमलेला, पुढे लोकर पिंजायचं यंत्र टाकलं म्हणजे दुकानाबाहेरचं उत्पन्न आलं, आणि गावाचा दम संपल्यावर १८३९ मध्ये उठून शेजारच्या पीटर्सबर्गला गेला. स्वभावाने काही फार प्रेमळ नव्हता म्हणतात. पण खेळतं भांडवल होतं.

मोठ्या पातळीवर बघायचं तर ज्याच्या नावाने ती मेनार्ड कौंटी आहे, जिथे आज न्यू सेलम येतं, तो पिएर मेनार्ड. तोही व्यापारी आणि राजकारणी. जन्म १७६६ चा, कॅनडातल्या क्यूबेकचा, मिसिसिपीकाठच्या कॅस्कास्कियात दुकान, फरच्या व्यापारात हिस्सा, सरकारची इंडियन जमातींशी व्यवहाराची एजंटकी, घरात गुलाम. आधी प्रदेशाच्या विधान परिषदेचा अध्यक्ष आणि १८१८ मध्ये राज्य झाल्यावर पहिला लेफ्टनंट गव्हर्नर, आणि नागरिकत्वाच्या अटीत तो बसत नव्हता म्हणून राज्यघटनेत खास सवलत घातली गेली. फ्रंटियरवर, म्हणजे नव्याने वसत असलेल्या सरहद्दीच्या मुलखात, पैसेवाल्या दुकानदाराचं वजन असं असायचं. लिंकनचं प्रकरण म्हणूनच वेगळं आहे, त्याच्याकडे वजन सोडा, वजनमाप भरायला माल नव्हता.

तर १८३३ मध्येच दुकान, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, मिचमिचत विझलं. पुढे ट्रेंट नावाच्या भावांनी ते घेतलं, अर्थात नोटेवरच, आणि नोटेची तारीख यायच्या आत ते पसार झाले. जानेवारी १८३५ मध्ये बेरी वारला, मागे काही न ठेवता. आता भागीदारीत देणं अर्धं-अर्धं नसतं, सावकार कुणालाही एकाला धरून पूर्ण रक्कम मागू शकतो, म्हणजे सगळं लिंकनच्या डोक्यावर. सुमारे ११०० डॉलर, त्याच जुन्या पगाराने सहा वर्षांची कमाई. तो मित्रांमध्ये ह्याला "राष्ट्रीय कर्ज" म्हणायचा.

त्या काळात यातून सुटायचा रूढ मार्ग म्हणजे रातोरात पश्चिमेकडे निघून जाणं, ट्रेंट बंधूंनी तेच केलं. दिवाळखोरीचा केंद्रीय कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता. कर्जासाठी तुरुंगात टाकायला इलिनॉयच्या घटनेत बंदी होती, फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी, त्यामुळे थांबला तरी कोठडी नव्हती, पण जप्ती होती. आणि ती आली. पीटर व्हॅन बर्गन नावाच्या धनकोने दावा लावला, निकाल घेतला, आणि शेरीफने लिंकनचा घोडा, खोगीर, लगाम आणि जमीन मोजणीचं होकायंत्र उचललं. तो तोवर सरकारी मोजणीदाराचा सहायक झाला होता, म्हणजे जप्त झाली ती त्याची रोजीरोटीची हत्यारंच. लिलावात जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकऱ्याने ते सगळं १२० डॉलरला घेतलं आणि सरळ लिंकनला परत दिलं. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर म्हातारा शॉर्ट कॅलिफोर्नियात अडचणीत आहे असं कळलं, तर त्याला तिथल्या राउंड व्हॅली रिझर्वेशनवर सरकारी नेमणूक मिळाली. ज्यांना ही वशिलेबाजी वाटते त्यांचंही चूक नाही म्हणा.

आता निवडणूक. त्याने पहिल्यांदा उमेदवारी जाहीर केली ती मार्च १८३२ मध्ये, ऑफटच्या दुकानात नोकर असताना, वय २३. स्प्रिंगफिल्डच्या पेपरात छापून आलेल्या निवेदनात त्याने नदी नौकानयनायोग्य करणं, शिक्षण आणि भरमसाट व्याजाला आळा हे मुद्दे घेतले, आणि माझी शिफारस करायला श्रीमंत किंवा वजनदार नातेवाईक नाहीत हेही लिहिलं. व्याजाबद्दल त्याचं म्हणणं मजेशीर आहे: कायदा करा, पण अगदी गरजेच्या वेळी त्याला बगल द्यायची वाट माणसं काढतीलच. गल्ल्याशी उभं राहून लोकांच्या अडचणी ऐकणाऱ्यालाच हे सुचतं.

त्या ऑगस्टमध्ये तो पडला, तेरा उमेदवारांत आठवा, ब्लॅक हॉक या इंडियन सरदाराविरुद्धच्या लष्करी मोहिमेमुळे प्रचाराला वेळच मिळाला नव्हता. पण त्याच्या स्वतःच्या न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला! आणि हे गुप्त मतदान नव्हतं बरं का, तेव्हा इलिनॉयमध्ये मतदार पुढे येऊन सगळ्यांदेखत तोंडाने नाव सांगायचा आणि कारकून लिहून घ्यायचा. म्हणजे ज्यांना त्याने साखर तोलून दिली त्यांनी चारचौघांत त्याचं नाव घेतलं. त्यातले बरेच अध्यक्ष जॅक्सनच्या पक्षाचे होते आणि लिंकन जॅक्सनचा विरोधक हेन्री क्ले याचा माणूस, तरीही.

पुढची दोन वर्षं दुकान बुडत होतं आणि मतदारसंघ तयार होत होता, दोन्ही एकाच वेळी. मे १८३३ पासून तो गावचा पोस्टमास्तर. टपाल आठवड्यातून एकदा घोड्यावरून, पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे, एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४०० मैलांपुढे २५ सेंट. कमाई वर्षाला पन्नास-पंचावन्न डॉलर, म्हणजे पोट भरायला काही नाही. पण गावात आलेला प्रत्येक पेपर आधी त्याच्या हातात, प्रत्येक घराशी बोलायचं निमित्त, पत्रं टोपीत घालून लांबच्या शेतावर नेऊन द्यायची. मग मोजणी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बांधावर जाणं, कुणाची हद्द कुठे हे ठरवणं, तंटा असेल तर ऐकून घेणं. वर दस्त लिहून देणं. आपल्याकडे तलाठी, पोस्टमन आणि दुकानदार एकच माणूस असता आणि वर तो हसवणाराही असता, तर त्याला पाडायची कोणाची टाप होती?

ऑगस्ट १८३४ ला सँगामन कौंटीच्या चार जागांमध्ये १३७६ मतांनी दुसऱ्या क्रमांकावर निवडून आला. राजधानी व्हँडेलियाला जायला धड कपडे नव्हते म्हणून कोलमन स्मूटकडून २०० डॉलर उसने घेतले, त्यातले सुमारे ६० सूटवर गेले. कर्जबाजारी माणूस अजून कर्ज काढून सूट घेतो, ऐकायला वाईट आहे, पण हे मी त्याच्या हिशोबातलं पहिलं शहाणपणाचं कर्ज धरतो, कारण अधिवेशनाचा भत्ता रोज ३ डॉलर होता. दुकानातल्या नोकराला महिन्यात मिळायचे ते इथे पाच दिवसांत, आणि रोख! तिथेच जॉन टॉड स्टुअर्ट या वकील सहकारी आमदाराने त्याला वकिलीच्या मागे लावलं, १८३६ मध्ये सनद मिळाली, पुढच्या एप्रिलात तो स्प्रिंगफिल्डला गेला. तिथे जोशुआ स्पीडच्या दुकानात शिरून त्याने गादी-पांघरुणाचा भाव विचारला, १७ डॉलर होतात म्हटल्यावर तेही उधार मिळतील का विचारलं, आणि स्पीडने म्हटलं त्यापेक्षा वर माझ्याच खोलीत राहा.

आमदारकी चार वेळा केली, १८३४ ते १८४० च्या निवडणुका सलग जिंकून. राजधानी स्प्रिंगफिल्डला आणण्यात सँगामनच्या नऊ उंच आमदारांच्या टोळीचा, 'लाँग नाइन'चा, तो म्होरक्या होता. मार्च १८३७ मध्ये गुलामगिरी अन्यायाची आणि वाईट धोरणाची आहे असा निषेध त्याने आणि डॅन स्टोनने सभागृहात नोंदवला, तेव्हा हे करायला धाडस लागायचं.

पण खातेवाल्याच्या नजरेने बघाल तर त्याच्या आमदारकीतला मोठा व्यवहार वेगळाच आहे. फेब्रुवारी १८३७ मध्ये इलिनॉयने रेल्वे, रस्ते, नद्या यांच्यासाठी सुमारे १ कोटी डॉलरची योजना मंजूर केली, सगळी कर्जावर, आणि लिंकन तिचा कट्टर समर्थक. लोकवस्ती येईल, जमिनी विकल्या जातील, त्यातून व्याज निघेल, असा हिशोब. काही आठवड्यांत १८३७ ची मंदी आली. म्हणजे रॅडफर्डच्या दुकानाचाच सौदा, फक्त शून्यं जास्त. ज्याने नुकताच स्वतःच्या अंगावर हा धडा घेतला होता त्याने तो राज्याला का लावला नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि त्याचं चरित्र भक्तिभावाने सांगणारे इथे पटकन पान उलटतात. योजनेतली नॉर्दर्न क्रॉस रेल्वे अख्ख्या राज्यातून आडवी जाणार होती, झाली फक्त मेरडोसिया ते स्प्रिंगफिल्ड, आणि १८४७ मध्ये सरकारने ती लिलावात २१,१०० डॉलरला फुंकून टाकली. राज्याचं व्याज मधे थकलंच. लिंकनचं स्वतःचं देणं मात्र थोडं थोडं करत फिटलं, त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन सांगतो की शेवटची रक्कम १८४८ मध्ये, काँग्रेसमधल्या पगारातून गेली.